सहाव्या फळीवरचा आवाज

१

गुरुवारी दुपारी चार वाजता पल्लवीनं सहाव्या फळीवर पाय ठेवला आणि फळी गप्प राहिली.

आधीच्या पाच फळ्या बोलल्या होत्या. सातवी, आठवी, नववीही बोलली. सहावीवर मात्र तिनं दोनदा, तीनदा पाय दाबून पाहिला आणि मग यशवंतला हाक मारली. यशवंतनं चार स्क्रू काढून फळी उचलली. खालच्या खोक्यात टेपरेकॉर्डर जागच्या जागी होता, आतली कॅसेट नव्हती.

त्या कॅसेटवर सोनाबाईंचा आवाज होता. सोनाबाईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

मी तिथं पोचले तेव्हा अर्धा गाव जमला होता. सोनाबाईंचा मुलगा बाबुराव यशवंतच्या गळपट्टीला धरून उभा होता.

"फळ्यो बसवल्यो ह्याणां, पेचकस ह्याच्याकडे! दुसरो कोण घेतलो? माझ्या आयेचो आवाज खंय विकलंस, सांग!"

"दादा, देवाशपथ नाय," यशवंत पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो सावंतवाडीकडचा वायरमन, गावात परका. परक्या माणसावर आळ किती लवकर चिकटतो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पल्लवी पोलिसांना बोलवायचं म्हणत होती. कुणीतरी मला पाहून म्हणालं, "आदी पोस्टाच्या बायक विचारा. तेनी रजिस्टर पार्सल हुडकून काढलेलां."

पोस्टाची बाय म्हणजे मी, विमला कारापूरकर. मूळची डिचोलीची. पेडण्यातल्या या नानेरवाड्यात पोस्टमास्तर म्हणून आले ती इथंच राहिले. लग्न झालं नाही, आईवडील गेले, भावांनी घर विकलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ते पार्सल पंचवीस वर्षांपूर्वी सापडलं होतं, पण गावाला माझ्याबद्दल सांगण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती.

"रविवारी उद्घाटन आहे," मी बाबुरावला म्हटलं. "शनिवारपर्यंत मला वेळ द्या. तोवर या पोराच्या अंगाला हात लावू नका."

बाबुरावनं गळपट्टी सोडली. "शनवारपर्यंत," तो म्हणाला. "मगे मी बघतंय."

२

हे फळ्यांचं काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं.

पल्लवी पणजीला चित्रकला शिकवायची. आमच्या गावातले धालो बंद पडून सात-आठ वर्षं झाली होती. पौषात बायका मांडावर, देवळापुढच्या पवित्र अंगणात, जमायच्या, समोरासमोर रांगा धरून गायच्या, नाचायच्या. मग म्हाताऱ्या बायका थकल्या आणि पोरींना गाणी येईनात. पल्लवीनं गावातल्या नऊ घरांतल्या नऊ म्हाताऱ्या निवडल्या. एकाच गाण्याच्या नऊ ओळी एकेकीकडून गाऊन घेतल्या. मांडाच्या शेजारच्या मोकळ्या जागेत जमिनीत नऊ फळ्या बसवल्या. फळीवर पाय पडला की खालचा टेप सुरू व्हायचा आणि त्या घरच्या म्हातारीची ओळ ऐकू यायची. मिनिटभरानं टेप आपोआप उलटा फिरून मूळ जागी यायचा. एकट्या माणसाला एकच ओळ ऐकू येई. आख्खं गाणं हवं तर नऊ जणींनी एकत्र यायला हवं, आणि एकीमागून एक पाय ठेवायला हवा.

बायकांना ते फार आवडलं. फळ्यांभोवतीची जमीन सारवायला त्यांनी पाळ्या लावल्या. शाळेतल्या पोरी येऊन ओळी पाठ करू लागल्या. मीही येई, पण कडेला उभी राही. माझं या गावात घर नव्हतं, त्यामुळे फळीही नव्हती.

सोनाबाई मात्र माझ्या ओळखीच्या. त्यांचा धाकटा मुलगा कृष्णनाथ, घरच्यांचा किसनो, १९७४ साली मुरगाव बंदरातून जहाजावर गेला. सोनाबाईंना वाचता येत नव्हतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या पोस्टात यायच्या आणि त्याचं पत्र माझ्याकडून वाचून घ्यायच्या. मी निवृत्त झाल्यावर माझ्या घरी यायच्या, जुनी पत्रं पुन्हा ऐकायला. शेवटी चालवेना तेव्हाच थांबल्या.

शुक्रवारी सकाळी मी सहावी फळी पुन्हा उघडायला लावली.

"काल तुम्ही उघडली तेव्हा स्क्रू कसे होते?" मी यशवंतला विचारलं.

"चारय घट्ट. एकाचीय खाच बिघडलेली नव्हती."

"आणि ही पिशवी?"

टेपरेकॉर्डरवर दुधाची रिकामी पिशवी नीट गुंडाळली होती, सुतळीनं बांधली होती.

"ती मी नाय घातली," यशवंत म्हणाला. "काल गडबडीत ध्यानातच इलां नाय."

ज्याला नासधूस करायची असते तो नऊच्या नऊ फळ्या फोडतो. ज्याला विकायचं असतं तो टेपरेकॉर्डर नेतो. इथं कुणीतरी कॅसेट काढून यंत्राला दव लागू नये म्हणून पिशवी बांधली होती. चोराला त्या जागेत पुन्हा काहीतरी ठेवायचं होतं.

३

"कॅसेटची दुसरी प्रत?" मी पल्लवीला विचारलं.

"नाही हो. नक्कल काढली की खरखर येते, म्हणून मूळ कॅसेटच बसवल्या." ती रडवेली झाली होती. "चूक माझीच."

"सोनाबाईंचं रेकॉर्डिंग कसं झालं ते सांगा."

"त्यांच्या घरीच. खूप माणसं बघून त्या लाजत होत्या. म्हणून मी बटण दाबलं आणि सगळ्यांना घेऊन अंगणात आले. बाहेर आम्ही फोटो काढले, गप्पा रंगल्या. आत गेले तेव्हा कॅसेटची बाजूच संपली होती."

"म्हणजे अर्धा तास टेप चालू होता?"

"हो, पण ओळ अगदी सुरुवातीला आहे. मी तेवढीच ऐकली."

तो फोटो तिच्याकडे होता. अंगणात तुळशीपाशी आठ बायका उभ्या, सगळ्या हसत. मी चष्मा पुसून एकेकीचा चेहरा पाहिला आणि फोटो तिच्याकडून मागून घेतला.

तिथून देवळात गेले. विठ्ठल गावस देवळाची झाडलोट बघायचे. मांडाशेजारी यंत्र नको असं ते पहिल्या दिवसापासून ओरडत होते, आणि दुपारी जेवून देवळाच्या ओट्यावर पडायचे. तिथून फळ्या समोर दिसतात.

"माजेर संशय?" ते उठून बसले. "मांड देवाचो. थंय येंत्र कित्याक, ह्या मी तोंडार सांगलां. चोरून काय करणां माझ्या रगतात नाय."

"संशय नाही, विठ्ठलभाऊ. काल दुपारी एकपर्यंत फळी बोलत होती. एक ते चारमध्ये तिथं कोण आलं होतं?"

"कोण नाय. कुत्रांय नाय."

"नीट आठवा."

"नाय म्हणतंय मां! फकत सारवणारी इल्ली, शेणाची बालदी घेऊन. ती काय माणूस येवचां म्हणतत?"

सारवणाऱ्या बाईला त्यांनी धरलंच नव्हतं.

"कोण होती ती?"

"डोक्यार पदर होतो. तोंड दिसलां नाय. पण सहाव्या फळीकडे बराच येळ बसान होती."

पाळ्यांचा कागद शाळेच्या दारावर चिकटवलेला होता. गुरुवारची पाळी शुभांगी गडेकरची. मी तिच्या घरी गेले. ती गुरुवारी माहेरी, हरमलला गेली होती. तिनं पाळी कुणाला दिली होती?

"मी दिली नाय," शुभांगी म्हणाली. "भाग्यलक्ष्मीवयनीनच मागून घेतली. म्हणाली, तू जा माहेरा, मी सारवतंय."

भाग्यलक्ष्मी म्हणजे बाबुरावची बायको, सोनाबाईंची सून.

४

ती परसात नारळाच्या झावळ्या तासत होती. मला पाहून तिनं कोयता खाली ठेवला, पण बसा म्हणाली नाही.

या भाग्यलक्ष्मीनं फळ्यांना फार विरोध केला होता, तोही फक्त शेवटी शेवटी. आधी तीच सासूला गाण्यासाठी गळ घालत होती. रेकॉर्डिंग झाल्यावर मात्र तिचा सूर बदलला. 'आईच्या गळ्यार लोक पाय देतले, माका चलूचां नाय,' असं ती बैठकीत मोठ्यानं बोलली होती. बाबुरावनं तिला गप्प केलं होतं.

"सासूबाई गात होत्या तेव्हा तू कुठं होतीस?" मी विचारलं.

"भायर. सगळ्यांबरोबर. अंगणात."

मी तिच्यासमोर फोटो धरला. तिनं तो हातातही घेतला नाही.

"यात आठ बायका आहेत. तू नाहीस."

"मगे असतलंय खंय तरी."

"काल शुभांगीची पाळी तू मागून घेतलीस."

ती उठली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण मला तो रागाचा वाटला नाही. "विमलाबाय, तुमच्या पाया पडतंय. दुसऱ्या कोणाकय शोधूक सांगा. तुमी ह्यात पडू नका."

"मीच का पडू नये?"

ती आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

मी तिथंच उभी राहिले. चोरी उघडी पडेल म्हणून घाबरलेलं माणूस 'कुणीच शोधू नका' म्हणतं. ती म्हणत होती, कुणीही शोधा, फक्त तुम्ही नको.

परतताना यशवंत भेटला. त्याला मी एक प्रश्न विचारला. मंगळवारी फळ्यांची चाचणी झाली तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हापशाला गेले होते. त्या दिवशी सहाव्या फळीचं काही झालं होतं का?

"झालेलां ना! टेप मागे फिरवची कळ अडाकली. ओळ संपली तरी टेप फुडे गेलो."

"पुढं काय ऐकू आलं?"

"म्हातारी बोलली, 'बस गे, येक सांगतंय.' आणि तुमचां नाव घेतल्यान. 'विमलाबायची ती पत्रां...' इतक्यात मी वायर काढली. सगळे हसले."

"भाग्यलक्ष्मी हसली?"

यशवंत आठवू लागला. "त्या तितल्यात घरा गेल्यो."

मी घरी आले आणि दार लावून घेतलं. आता मला एक गोष्ट कबूल करायला हवी, जी मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

कृष्णनाथची खरी पत्रं दोनच आली. दुसरं ऑगस्ट १९७५ मध्ये. पुढची बावीस वर्षं सोनाबाईंना मी जी पत्रं वाचून दाखवली, ती सगळी मी लिहिली होती.

५

पहिलं खोटं पत्र लिहिलं तेव्हा सोनाबाई सात महिने रिकाम्या हातानं परत जात होत्या. एका सोमवारी त्या पोस्टाच्या बाकावर बसून राहिल्या, बंद करायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मी एका हवाई पत्रावर चार ओळी लिहिल्या. एकदाच, असं मनाशी ठरवलं होतं.

मग त्या दर महिन्याला हसत यायला लागल्या. मी जहाजाची बंदरं नकाशात बघून ठेवायची. तिथला पाऊस, तिथली माणसं मनानंच रचायची. पत्र वाचून झालं की त्या घरच्या गोष्टी सांगत बसायच्या. त्या दिवसाव्यतिरिक्त माझ्याशी कामाशिवाय कुणी बोलत नसे. त्यामुळे ती पत्रं मी कुणासाठी लिहीत होते, हे पुढं पुढं मला नीट सांगता आलं नसतं.

याची शिक्षा दुसऱ्यांनी भोगली. सोनाबाई गेल्या तेव्हा बाबुराव सगळ्यांसमोर भावाच्या नावानं ओरडला होता. 'इतकी वर्सां पत्रां धाडूक जमली, आयेच्या मड्याक येवक जमलां नाय!' मी त्या गर्दीत होते. मी काहीही बोलले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीला भाग्यलक्ष्मी स्वतःच माझ्याकडे आली. पदराखालून तिनं कॅसेट काढली, तिच्यासोबत घरच्या गिरणीतला पेचकस.

"तुमका कळलां मां?"

"कळलं. सासूबाईंनी हे तुला सांगितलं, तेव्हा टेप चालू आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं."

तिनं मान डोलावली. "माका चाचणीच्या दिवशी कळलां, सगळां टेपार इलां म्हणून. परत कळ अडाकली आणि गावान आयकलां तर? ह्येंनी आयकलां तर? म्हापशाच्या दुकानात नेऊन नुसती ओळ दुसऱ्या कॅसेटीर घेवची आणि ती परत ठेवची, असां ठरवलंय. पण आज शिगम्याक दुकान बंद. मोडून टाकूक हात जायना. आईचो आवाज तो."

"रेकॉर्डिंगनंतर तू फळ्यांना विरोध केलास तो यासाठीच?"

"नाय. तेव्हा माका टेपाचां म्हायतच नव्हतां. आई तसां बोलल्यार मनातच इलां, हो आवाज घरातच रवांदे." तिनं कॅसेट माझ्या हातात दिली. "तुमी आयका. एकदा तरी आयकूक होयां तुमी."

माझ्याकडे बातम्यांसाठी ठेवलेला जुना टू-इन-वन होता. मी कॅसेट घातली. आधी ओळ आली, थकलेल्या पण सुरात असलेल्या आवाजात. मग खोकला. भांडं ठेवल्याचा आवाज. आणि मग सोनाबाई बोलायला लागल्या.

"बस गे, येक सांगतंय. विमलाबायची ती पत्रां किसनाची न्हय. माका पयल्यापासून म्हायत."

"काय सांगतास, आई?" हा भाग्यलक्ष्मीचा आवाज.

"किसनो माका 'आये' म्हणायचो. पत्रात 'प्रिय आई' इलां तेव्हाच मी वळाखलंय."

"मगे इतकी वर्सां जात कित्याक रवल्यात?"

बराच वेळ टेपवर नुसती सरसर होती. मी बंद करायला हात पुढं केला, पण भाग्यलक्ष्मीनं तो धरला.

"पयली दोन वर्सां रागान गेलंय. म्हटलां, बघूया खंयसर खोटां बोलता ती. मगे एकदा बघलंय, मी येवच्या आदीच तिणां दोन कप मांडून ठेवलेले. तिका कोण नाय गे. माझ्या झिलाचां काय जालां तां देवाक म्हायत, माझी वाट बघणां काय सुटूचां नाय. पण त्या बायलेक वाट बघूक कोण तरी होयां. मी गेलंय नाय, तर ती कोणाची वाट बघतली?"

पुढं काय होतं ते मला ऐकू आलं नाही. मी पंचवीस वर्षं समजत होते की त्या बाईला मी सांभाळते आहे.

६

शनिवारी सकाळी मी धारगळला हमरस्त्यावर बाबुरावच्या पिठाच्या गिरणीत गेले. भाग्यलक्ष्मी नको म्हणत होती. कॅसेट सापडली एवढंच सांगा, असं तिचं म्हणणं. पण त्यानं ज्या भावाला शिव्या दिल्या होत्या त्या भावानं काहीच केलं नव्हतं, आणि हे जाणणारी जिवंत माणसं आम्ही दोघीच होतो.

त्यानं पट्टा थांबवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यशवंतचा काही संबंध नाही, हे आधी. मग पत्रांचं. बायकोनं कॅसेट का उचलली ते शेवटी.

त्यानं पिठानं पांढरे झालेले हात पंचाला पुसले.

"मगे किसनाची खबर?"

"पंच्याहत्तरच्या ऑगस्टनंतर काहीही नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही, बाबुराव."

"मी त्याका शिव्या घातलंय," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी आता जावा."

रविवारी उद्घाटन झालं. त्याआधी बाबुरावनं यशवंतची सगळ्यांसमोर माफी मागितली. चोर कोण ते त्यानं सांगितलं नाही. कॅसेट गावली, एवढंच म्हणाला. यशवंतनं कळ नवी बसवली होती. नऊ घरच्या नऊ जणी उभ्या राहिल्या. सहाव्या फळीवर भाग्यलक्ष्मीनं पाय ठेवला, सासूची ओळ आली, संपली, आणि टेप बरोबर जागच्या जागी फिरला. पोरींनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गाणं चालवलं. विठ्ठलभाऊ ओट्यावरून खाली उतरले नाहीत, पण त्यांचा पाय हलत होता. मी शाळेच्या कुंपणापाशी उभी राहून ऐकलं आणि सगळे पांगायच्या आधी घरी आले.

बाबुराव माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला तर बाजूनं निघून जाई. तीन आठवडे असे गेले. त्याची चूक नव्हती.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी तो माझ्या दारात आला. चप्पल काढली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबला.

"भटजीक विचारलंय. इतक्या वर्सांचो पत्तो नाय तर दर्भाची बाहुली करून क्रिया करतत. ऐतवारी करतंय." तो जायला वळला आणि म्हणाला, "तुमी येवा. घरचां माणूस म्हणान."

मी गेले. ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं आणि बावीस वर्षं ज्याच्या तोंडून बोलले होते, त्याची दर्भाची बाहुली पाटावर ठेवली होती. ती जळाली तेव्हा मला रडू आलं, आणि ते कुणासाठी येतंय हे मला कळत नव्हतं. भाग्यलक्ष्मीनं मला बायकांमध्ये ओढून आपल्याशेजारी बसवलं.

स्वयंपाकघरात खतखतं, सगळ्या भाज्यांचं कालवण, शिजत होतं. तिनं तिरफळं टाकली आणि डावानं ढवळलं. बाबुराव दारात येऊन उभा राहिला.

"आणखी घाल. किसनाक तिरफळां ज्यास्त लागायची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी पत्रात लिवलेलां. जहाजार सगळां गावता, तिरफळाचो वास तेवडो गावना नाय. आये येवन सांगायची. ह्या तुमका कोणी सांगलां? आयेन?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "मला आवडतात, म्हणून लिहिलं होतं."

मग त्यानं फळीवरचा डबा काढला, मूठभर तिरफळं माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मगे तुमीच घाला."